म्हशीनं नापास केलेलं तेल

परवा नात पुण्याहून आली ती हातात अत्तराच्या बाटलीएवढी एक काचेची बाटली घेऊन. बाटलीच्या तोंडाला रबराची बोंडी. दाबली की थेंब पडतो. आत म्हणे कसल्याकसल्या पाल्याचा आणि फुलांचा अर्क उतरवलेलं तेल, चेहऱ्याला लावायचं, हाताला लावायचं, कातडी मऊ होते. तिनं दोन थेंब माझ्या मनगटावर टाकले आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी वास घेतला. वास चांगला होता, खोटं कशाला बोलू. मग मी तिला विचारलं, हे हाताला लावून तू म्हशीखाली बसू शकशील का?

तिला वाटलं, म्हातारीचं आता काही खरं नाही. हसून म्हणाली, ते जाऊ दे, तू घरी करतेस त्या तेलाची कृती मला लिहून दे, मैत्रिणी मागं लागल्यात.

कृती चार ओळींची आहे. पण त्या चार ओळी हाती लागेपर्यंत माझी जी फजिती झाली ती न सांगता नुसती कृती दिली, तर ही पोरगी माझ्याच वाटेनं जाणार. नाकडोळे माझेच आहेत तिचे, अक्कलही तिथूनच आली असणार. तेव्हा आधी फजिती, मग कृती.

माझं माहेर माजलगावकडचं. धरणाचं पाणी आमच्या शिवारात नुकतंच आलेलं. पाटात पाय सोडून बसायचं आणि ऊस चघळायचा, हे माझं लग्नाआधीचं मुख्य काम. त्यात मी दहावी पास. आमच्या गल्लीत तोवर कुणी मुलगी दहावीपर्यंत पोचली नव्हती, त्यामुळे मी चालायचे ती मास्तरीण असल्यासारखी. अशा मला दिली कुठं, तर वडवणीकडच्या एका कोरड्या गावात, जिथं नदीच्या नावानं नुसते दगड होते. लग्न झालं आणि लगोलग पावसाळा कोरडा गेला. विहिरी आटल्या, टँकर सुरू झाला. पाणवठ्यावर एका बाईनं माझ्या पांढऱ्या पायांचा विषय काढला, तेव्हा सासूनं तिला तिथल्या तिथं सांगितलं म्हणे, "तिचे पाय कशाचे पांढरे? माझ्या घरात तिनं आजून पाय भुईला टेकवलाच न्हाई."

हे माझ्या बाजूनं बोलणं होतं की माझ्याविरुद्ध, हे मला आजही कळलेलं नाही. सासूचं सगळं बोलणं असंच. बुटकी, काटक बाई, लवकर नवरा गेलेली, एका मुलावर आणि तीन एकर मुरमाड रानावर संसार ओढलेली. एका वेळी एकच वाक्य बोलायची. ते वाक्य उलगडायला मला कधी दिवस लागायचा, कधी वर्षं.

आणि मी काय करत होते त्या दुष्काळात? ट्रंकेतून आरसा काढून तोंड बघत होते. ट्रंकेत एका मासिकातलं फाडून ठेवलेलं पान होतं, "हात कोमल कसे राखाल" असं काहीतरी. साबणानं तोंड धुवायचे आणि ते पाणी अंगणात फेकायचे. सासूनं एकदा नुसती परात पुढं केली. त्यानंतर मी परातीत तोंड धुवायला लागले आणि ते पाणी शेवग्याच्या झाडाला जायला लागलं. गावात त्या वर्षी साबणावर वाढलेलं तेवढं एकच झाड असेल.

आता म्हशीकडे येते, कारण सगळं तिच्याभोवतीच फिरतं.

गावात दुधाची सहकारी संस्था होती. पत्र्याची एक खोली, वजनकाटा, ॲल्युमिनियमचे कॅन आणि एक सचिव. हे सचिव आमच्याच भावकीतले, सासूला काकू म्हणायचे. त्यांचं नाक लांब होतं आणि संस्थेचा अर्धा कारभार त्या नाकावर चालायचा. किटलीचं झाकण उघडलं की आधी वास घ्यायचे. आंबूस, धुरकट, रॉकेलचा, कसलाही वास आला की दूध परत. एका किटलीनं अख्खा कॅन नासतो आणि अख्खा कॅन नासला की तालुक्याहून गाडीवाला गावाचंच दूध नाकारतो, त्यामुळे त्यांच्याशी कुणी भांडायचं नाही. त्या दुष्काळात संस्थेनं ठराव केलेला, की सरकी पेंड मिळेल ती दूध घालणाऱ्या सभासदालाच. सलग आठवडाभर किटली आली नाही, की पेंड बंद. रानात तर काडी नव्हती. पेंड बंद झाली की म्हशीला दावणीला बांधून ठेवायचं ते नुसतं तिच्या तोंडाकडे बघायला.

आमची एकच म्हैस. सासूनं तिला रेडकापासून वाढवलेली. तिचं स्वतःचं रेडकू त्या उन्हाळ्यात दगावलं, पण सासू खाली बसली की ती पान्हा सोडायची. दुसरं कुणी बसलं तर पाय झाडायची. माझे मालक एकदा बसले होते, ते नंतर चार दिवस उजव्या कुशीवर झोपत होते.

आणि नेमके सासूचे हात गेले. सासू रोजगार हमीच्या बंधाऱ्यावर जायची, मुरूम उचलायला. मुरूम, ऊन आणि हात धुवायला पाणी नाही. तळहाताला अशा भेगा पडल्या, की त्यांत ज्वारीचा दाणा अडकून बसावा. असले हात कासेला लागले की म्हशीला बोचायचे. आधी ती अंग चोरायला लागली, मग शेपटीनं फटकारायला लागली, आणि एके दिवशी तिनं बादलीच उडवली. किटली अर्धी जायला लागली, मग पाव.

मालक वाईट नव्हते. पण दुष्काळात माणसाला हिशेबीपणा येतो. ते म्हणाले, अशीच आटली तर महिनाअखेरच्या बाजारात वडवणीला नेतो, अंगावर मांस आहे तोवर कुणीतरी घेईल. त्या वर्षी बाजारात दुभती म्हणून म्हैस घेणारा शेतकरी कुठून येणार? घेणारे कोण होते ते सगळ्यांना ठाऊक होतं. सासू भाकरी थापत होती. ती थांबली नाही, फक्त त्या भाकरीला कडेनं चीर गेली. तिच्या हातची चिरलेली भाकरी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

म्हणजे म्हैस दावणीला राहणार की बाजारात जाणार, हे आता सासूच्या तळहातांवर ठरणार होतं. आणि तळहात मऊ करण्याचं छापील ज्ञान घरात माझ्या एकटीच्या ट्रंकेत होतं.

मी जाहीर केलं, "आत्याबाई, आठ दिवसांत तुमचे हात लोण्यावानी करते."

सासू म्हणाली, "लोण्याला आधी दूध लागतं, माय."

पण नको म्हणाली नाही. स्वतः बांधावरून कंबरमोडीचा पाला ओटीतून घेऊन आली. कंबरमोडी म्हणजे ते जमिनीलगत पसरणारं, देठाच्या टोकाला एकुलतं पिवळसर फूल असलेलं तण. पाऊस असो नसो, बांधाच्या कडेला ते तग धरतंच. जखमेवर, चिरेवर तिचा पाला चोळायची रीत आमच्याकडे जुनी. मी ठरवलं, हा पाला करडईच्या तेलात उतरवायचा. घाण्यावरून आणलेलं करडईचं तेल घरात होतं, महिन्याच्या कालवणाचं. ते मी मागितलं आणि सासूनं दिलं. आता विचार करते तर वाटतं, त्या बाईला म्हशीची माया किती असेल.

मासिकात लिहिलं होतं, वनस्पती स्वच्छ धुऊन घ्याव्यात. मी धुतल्या. दुपारी टँकरची भरून ठेवलेली घागर घेतली आणि माहेरी पाटावर धुवावं तसा पाला खळखळून तीन पाण्यांनी धुतला. ती घागर प्यायची होती. दुसरा टँकर परवा येणार होता. एवढ्यावर थांबले असते तर नुसती शिवी पडली असती. पण मी तो निथळता पाला तसाच कढत तेलात सोडला. पाणी आणि कढत तेल एकत्र आलं की काय होतं हे दहावीच्या शास्त्राच्या पुस्तकात असणार, पण तो धडा मी बहुतेक ऊस चघळत वाचला होता. कढई अशी उसळली, की मी चुलीपासून उडी मारली ती उंबऱ्याबाहेर. निम्मं तेल चुलीत गेलं. उरलेल्यात हिरवट फेस. दोन दिवसांत त्याला असा वास सुटला, की मांजर स्वयंपाकघरात यायचं बंद झालं.

सासू कामावरून आली. तिनं चूल बघितली, कढई बघितली, रिकामी घागर बघितली. मी कोपऱ्यात. मग तिनं परातीतलं पाला धुतलेलं पाणी उचललं आणि म्हशीपुढं ठेवलं. म्हशीनं ते एका दमात संपवलं.

"एकीला तरी गुण आला," सासू म्हणाली. आम्ही दोघींनी त्या रात्री शेजारून मागून आणलेलं पाणी तांब्या तांब्या मोजून प्यायलं आणि आठवडाभर बिनतेलाची आमटी खाल्ली. मालकांना आमटी पातळ का लागते ते कळेना, आम्ही सांगितलं नाही.

दुसऱ्या खेपेला मी शहाणी झाले होते. म्हणजे पाण्यापुरती. पाला सावलीत वाळवला, मुठीत धरला की चुरा व्हावा इतका. सासूनं शेजारून उसनं आणलेलं तेल मंद आचेवर ठेवलं. सासूनं कापसाची वात करून त्या तेलात बुडवली आणि पेटवून दाखवली. तडतडली तर तेलात अजून पाणी आहे, गप जळाली तर तेल झालं. वात गप जळाली. हिरवंसोनेरी, नितळ तेल तयार झालं. सासू गोठ्यात गेली. इथंच मी हात आवरायला हवा होता.

पण मी तेलाचा वास घेतला, तर त्याला वासच नव्हता. माझ्या डोक्यात बसलेलं, की वास नाही ते औषध कसलं? ट्रंकेत आईनं दिवाळीच्या उटण्यासाठी दिलेली पुडी होती. वाळा, नागरमोथा, गव्हला, कचोरा. मी ती सगळी पुडी कढईत रिकामी केली. वर देवघरातला कापूर चुरगळला. घर असं घमघमलं, की शेजारीण डोकावून विचारून गेली, कुणाचं काय ठरलं का?

सासू आत आली. कढईजवळ उभी राहून तिनं दोनदा नाक ओढलं आणि माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, मासिकात तसंच आहे. ते नव्हतं मासिकात.

तेल मात्र गुणाचं होतं, हे मला सांगितलंच पाहिजे. रोज संध्याकाळी मी तिच्या समोर बसून तिच्या तळहाताला तेल चोळायचे. पहिल्या दिवशी तिनं हात ओढून घेतले. कुणी तिचे हात हातात घेण्याची तिला सवयच नव्हती. दुसऱ्या दिवशी नुसतेच पुढं केले आणि भिंतीकडे बघत बसली. मग हळूहळू ती चोळताना डोळे मिटायला लागली. भेगांच्या कडा मऊ पडल्या, चिरा मिटायला लागल्या. तेवढे दिवस ती हाताला जुनं फडकं गुंडाळून निघेल तेवढं दूध काढायची. आणि जेवढं तिच्या हाताला, त्याच्या दुप्पट माझ्या हाताला. प्रयोग म्हणून. अख्ख्या पंचक्रोशीत बायकांचे हात खवल्यांसारखे झालेले आणि माझे मात्र नवरीसारखे, वर उटण्याचा घमघमाट. मला त्याची लाज वाटत नव्हती. मी ते हात पदराबाहेर ठेवून चालायचे.

हात मऊ झाले म्हणून एका सकाळी सासू फडकं सोडून मोठ्या आशेनं म्हशीखाली बसली. म्हशीनं मान वळवली, तिला हुंगलं आणि डोळे मोठे केले. तिच्या लेखी ही कुणीतरी तिऱ्हाईत बाई होती, लग्नाला चाललेली. तिनं पान्हा चोरला. सासू बोलली, थोपटलं, पाठ खाजवली. आवाज ओळखीचा आणि वास परका, म्हणून जनावर आणखीच बावचळलं. कसंबसं तांब्याभर दूध निघालं ते घेऊन मालक डेअरीवर गेले आणि तसेच परत आले. सचिवांनी झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि विचारलं म्हणे, "हे दूध हाय का अभ्यंगस्नान?"

चारचौघांत मालकांची शोभा झाली. बाजार दुसऱ्या दिवशीच होता. त्यांनी किटली खाली ठेवली आणि उद्या निघतो एवढंच म्हणाले.

सासूनं चुलीतली राख घेतली आणि हाताचा वास जावा म्हणून खसाखसा हात घासायला लागली. पाणी नाही तर भांडी राखेनं घासतो तसे. मी धरेपर्यंत उशीर झालेला. मिटत आलेल्या चिरा पुन्हा उघडल्या, राखेत रक्त दिसायला लागलं. माझ्या आठवडाभराच्या सेवेचं फळ असं तिच्या मुठीतून गळत होतं आणि त्याला कारण मीच. मला रडू फुटलं.

"रडतीस कावून?" ती म्हणाली. "डोळ्यातलं पानी परातीत घे, शेवगा वाट बघतोय."

ही माझी सासू. तिची म्हैस उद्या जाणार होती आणि ती मला हसवत होती.

दिवस कलला. उरलेली मूठभर पेंड म्हशीला भिजवून द्यावी म्हणून मी गोठ्यात गेले. पेंड घमेल्यात कालवली, घमेलं पुढं केलं. म्हशीनं घमेलं चाटून काढलं आणि मग माझे हात चाटायला लागली. तळहात, बोटं, मनगट. मी घाबरून तशीच उभी. लग्नाला वर्ष उलटून गेलं होतं, पण त्या जनावराला मी हात लावला नव्हता. चाटून झालं आणि तिनं तोंड माझ्या पोटाला घासलं. मी माझ्या हाताचा वास घेतला. कापूर गेला होता. नागरमोथा गेला होता. पेंडीनं तेल पुसलं गेलं होतं आणि हात मऊच राहिले होते, वास मात्र गोठ्याचा.

मी पळत सासूकडे गेले आणि तिला हात दाखवले. तिनं ते हुंगले. मग म्हणाली, "तूच बस."

इथं एक अडचण होती. मला बघायला आले तेव्हा सासूनं विचारलं होतं, धार काढता येते का, आणि मी मान खाली घालून हो म्हटलं होतं. माहेरी धारा गडी काढायचा. या म्हशीनं सासूशिवाय कुणाला जवळच येऊ दिलं नाही म्हणून माझं हो आजवर झाकून राहिलं होतं. मी चाचरत सांगितलं, की मला येत नाही.

"मला मालूम हाय," सासू म्हणाली. "तुझ्या अंगठ्याला घट्टा न्हाई, ते बघूनच कळलं हुतं. तुझा आवाज आवडला म्हनून केली."

मग तिनं खुंटीवरचं आपलं जुनं लुगडं काढलं, ज्याला शेण, दूध, मिश्री आणि तिचा घाम यांचा वर्षानुवर्षांचा वास होता. ते मला नेसवलं. मी गोल पातळ नेसणारी, नऊवार कधी अंगाला लावलेलं नव्हतं. ती बुटकी, मी उंच, त्यामुळे लुगडं माझ्या पोटऱ्यांवरच संपलं. पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. हाताला पुन्हा पेंडीचं पाणी चोळलं. मासिकातल्या त्या बाईनं मला तेव्हा बघितलं असतं तर पान स्वतःच फाटलं असतं.

सासू म्हशीच्या पलीकडच्या बाजूला, मानेशी उभी राहिली आणि तिच्या कानाशी बोलत राहिली. मला म्हणाली, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, आवाज तेवढा माझा जाऊ दे तिच्या कानात. मी खाली बसले. देवाचं नाव घेऊन कासेला हात लावला. म्हैस थरारली. सासू बोलतच होती, काहीतरी रेडकाच्या वेळचं, लहानपणचं. मी सडाला बोटं लावली, ओढलं, काही नाही. पुन्हा. सासूनं म्हशीला सांगितल्यासारखं मला सांगितलं, वरून आवळत खाली ये, माय, ओढू नगंस. आणि मग आतून काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं आणि बादलीच्या तळाला पहिली धार वाजली.

तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

मी धार काढतेय, मनगटं दुखायला लागलीत, आणि पाठीमागून मालकांच्या चपला वाजल्या. ते गोठ्याच्या दाराशी थांबले. दिवेलागणीची वेळ, आत अंधारलेलं. त्यांना दिसली ती म्हशीखाली बसलेली, ओळखीच्या लुगड्यातली पाठ. सासू पलीकडे, म्हशीच्या धडाआड.

"आई," ते म्हणाले, "उद्या लवकर निघंल मी. तू यिऊ नगंस. तुला बघवायचं न्हाई."

माझा हात थांबत होता, पण थांबला तर पान्हा जाणार. बोलले तर म्हैस उधळणार. मी पदर दातांत धरला आणि धार काढत राहिले. म्हातारी बोलत नाही म्हणजे रडतेय, असं त्यांना वाटलं असावं. त्यांचा आवाज खाली आला.

"आन तिला काई बोलू नगंस. लई जीव लावून केलं तिनं तेल. वास घातला तर घातला. येडी हाय, पर आपली हाय."

लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं आणि या माणसानं माझ्याबद्दल एवढी वाक्यं सलग कधी बोललेली मी ऐकली नव्हती. माझ्यासमोर तर नाहीच. बादलीत दूध पडत होतं, त्यात माझ्या डोळ्यातलंही पडलं की काय कोण जाणे.

पलीकडून सासूचा आवाज आला. "तिलाच सांग की. तुझ्याफुडं बसलीया."

मालक गप. म्हैस गप. मी तर काय, मला बोलायची बंदीच होती. ते दोन पावलं पुढं आले, वाकले, बादलीत बघितलं. बादली निम्म्याच्या वर गेलेली. मी उठले तसं त्यांनी बादली उचलली, दूध किटलीत ओतलं आणि डेअरीच्या वाटेला लागले. मी मागोमाग. पोटऱ्यांपर्यंतच्या लुगड्यात, डोक्यावर पदर, हातावर पेंड वाळलेली. गल्लीतल्या बायका दारात आल्या. मी हात पदराबाहेर ठेवले होते, पण या खेपेला ते दाखवायला नव्हते, लुगडं सावरायला होते.

सचिवांनी झाकण उघडलं. नाक आत घातलं. सकाळचा अनुभव ताजा असल्यामुळे त्यांनी ते जरा जास्तच वेळ आत ठेवलं. मग त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, लुगड्याकडे बघितलं.

"वहिनी," ते म्हणाले, "आज लगीन झालं म्हनायचं." आणि दूध कॅनमध्ये ओतलं.

मालक दुसऱ्या दिवशी बाजाराला गेले, पण एकटे. संध्याकाळी परत आले ते नवं दावं घेऊन. म्हशीच्या गळ्यात ते बांधलं आणि जुनं गोठ्याच्या खुंटीला अडकवलं. पेंड चालू राहिली. म्हैस आमच्याकडे म्हातारी होऊन दावणीलाच गेली, पण ती पुष्कळ वर्षांनी. तोवर तिची धार काढणं माझ्याकडे लागलं ते लागलंच. सासूचे हात बरे झाल्यावर मी एकदा सुचवलं, की आता तुम्हीच बसा. तर तिनं तळहात पुढं केले, नुसते नितळ, आणि म्हणाली, "चिरा हायत की आजून." आणि मानेशी जाऊन उभी राहिली, म्हशीशी बोलायला.

त्यानंतर त्या घरात तेल झालं ते बिनवासाचंच. कृती अशी. कंबरमोडीचा पाला धुवायचा नाही. झटकायचा, निवडायचा आणि सावलीत चुरा होईपर्यंत वाळवायचा. करडईच्या तेलात मंद आचेवर ठेवायचा, पाला कुरकुरीत तांबूस झाला की वात पेटवून बघायची. गप जळाली की उतरवायचं, निवलं की सुती फडक्यातून गाळायचं, कोरड्या बाटलीत भरायचं. थंडीत टाचांना हवं असेल तर गरम असतानाच थोडं मेण. आधी मनगटावर जरा लावून बघायचं, खाज सुटली तर आपलं नाही म्हणायचं. बस.

सासू शेवटी शेवटी अंथरुणाला टेकली, तरी संध्याकाळी तेल लावायच्या वेळेला हात आपोआप पुढं यायचे. फक्त चोळायच्या आधी ती माझा हात धरायची, तिच्या नाकाशी न्यायची आणि संशयानं हुंगायची. मी म्हणायचे, कापूर नाही, आत्याबाई. तरी एकदा हुंगायची. मग डोळे मिटायची.

हे सगळं नातीला वाचून दाखवलं. तिनं माझी बाटली उघडली, नाकाला लावली आणि म्हणाली, पण आजी, याला थोडासा तरी वास असता ना, मैत्रिणींना आवडलं असतं. दोन थेंब गुलाबाचे?

मी तिचा हात धरला आणि हुंगला. पुण्याच्या बाटलीचा वास अजून गेला नव्हता. आमच्या गोठ्यात आता तिसऱ्या पिढीची म्हैस आहे. मी म्हटलं, चल, जरा पेंड कालवायला ये.